महिन्याची मानसिक ओपीडी आणि पन्नाशीतला रुग्ण

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एकदा येते, आणि माझ्या मोठ्या भावाचे उपचार गेली अनेक वर्षे याच ओपीडीत चालू आहेत. भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणे आणि विनाकारण संशय येणे अशी लक्षणे असलेला तीव्र मनोविकार आहे. आजार विशीत सुरू झाला आणि आता त्याने पन्नाशी ओलांडली आहे. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ज्या सेवेच्या आधाराने कितीतरी घरे उभी आहेत, तिच्याविषयी कोणी सविस्तर लिहीत नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. ही सेवा अवश्य घ्यावी आणि घेतली की सोडू नये. मात्र जो रुग्ण तरुणपणी इथे आला आणि आता म्हातारपणाकडे झुकतो आहे, त्याला ही ओपीडी अजूनही पंचविशीतला रुग्ण समजूनच तपासते, आणि हीच तिची सर्वांत मोठी उणीव आहे. रुग्णालयाचे, गावाचे किंवा कोणा कर्मचाऱ्याचे नाव मी देणार नाही, कारण ही उणीव एका रुग्णालयाची आहे असे मला वाटत नाही.

पथकात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका असतात. ठरलेल्या दिवशी सकाळी खिडकीवर केस पेपर काढायचा, जुनी कागदपत्रे सोबत ठेवायची आणि मागच्या खोलीसमोरच्या बाकावर नंबर लागेपर्यंत बसायचे, अशी पद्धत आहे. पहिल्या एसटीने येणाऱ्यांचे काम दुपारच्या आत होते. आडवळणाच्या गावांतून ऑटो बदलत येणाऱ्यांना परतायला संध्याकाळ होते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल यांसारखी नेहमीची औषधे महिनाभर पुरतील एवढी विनामूल्य मिळतात. नागपूरला खासगी डॉक्टरांकडे जायचे म्हटले तर गाडीभाडे, तपासणीची फी आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही, त्यामुळे या विनामूल्य पाकिटाची किंमत बाहेरच्या माणसाला चटकन कळणार नाही. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बाकावरची गर्दी स्पष्टपणे कमी होते. त्या दिवसांत रोजी बुडवून कोणी येत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेकांच्या गोळ्या तुटतात. दिवाळीच्या मागेपुढे आजार उलटलेले रुग्ण पुन्हा दिसू लागतात. ओपीडीची तारीख ठरवताना हंगामाचा विचार व्हायला हवा, ही माझी पहिली सूचना आहे.

इंजेक्शनच्या टेबलावरचे काम मला या सेवेतले सर्वांत चोख वाटते. ज्यांच्या गोळ्या वरचेवर चुकतात त्यांना फ्लुफेनाझिन डेकॅनोएटचे इंजेक्शन दिले जाते; त्याचा परिणाम साधारण दोन ते चार आठवडे टिकतो. औषध तेलातले असल्यामुळे ते सुईतून हळू उतरते. इथल्या सिस्टर आधी कार्ड पाहतात आणि तरीही रुग्णाला विचारतात, "मांगच्या बारीला डावीकडं देल्लं होतं ना भाऊ?" त्याने होकार दिला की उजवी बाजू निवडतात, औषध सावकाश आत सोडतात, सुई लगेच न काढता क्षणभर तशीच ठेवतात आणि नंतर कापूस नुसता दाबून धरतात, चोळत नाहीत. ही सगळी पद्धत शास्त्राला धरून आहे. त्याहून मोलाचे म्हणजे वर्षानुवर्षे गावात "येडा" म्हणून हाक ऐकलेल्या माणसाला तिथे त्याच्या स्वतःच्या शरीराविषयी विचारले जाते आणि त्याचे उत्तर ग्राह्य धरले जाते.

हे सगळे एका दिवसात उभे राहिलेले नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मनोविकाराच्या दर चार रुग्णांपैकी जवळपास तीन जण उपचारांबाहेर आढळले होते. जे चौथे आहेत, त्यांच्यापैकी बरेच जण अशाच एखाद्या बाकावर बसलेले असतात.

आता उणिवेकडे येते. डॉक्टरांच्या टेबलावर प्रत्येक जुन्या रुग्णाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो, आणि त्या वेळात ठरलेले प्रश्न विचारले जातात : झोप लागते का, आवाज ऐकू येतात का, कोणावर संशय येतो का, गोळ्या नियमित चालू आहेत का. आजाराच्या ऐन भरात हेच प्रश्न विचारायला हवेत, यात शंका नाही. परंतु पन्नाशीच्या आसपास अनेक रुग्णांत आवाज आणि संशय मंदावतात, आणि त्यांच्याऐवजी लक्ष न टिकणे, सांगितलेले विसरणे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे वळताना अडखळणे या तक्रारी पुढे येतात. माझ्या भावाने एकदा डॉक्टरांना सांगितले होते, "आवाज आता नाई येत साहेब, पन काम करता करता मंधातच इसरून जातो." केस पेपरवर लिहिले गेले ते एवढेच की रुग्ण स्थिर आहे, औषधे तीच चालू ठेवावीत. भाऊ पूर्वी ओलिताची सगळी जबाबदारी एकट्याने सांभाळायचा. आता तो मोटार सुरू करतो, पहिल्या सऱ्यांना पाणी लावतो आणि पाणी पुढच्या सऱ्यांत वळवायचे आहे हे त्याच्या लक्षातून निघून जाते. बांध फुटून पाणी शेजारच्या तुरीत शिरले की त्याला भान येते आणि मग तो दिवसभर कोणाशी बोलत नाही. ज्या माणसाला हे घडत आहे, तो आवाज येत नाहीत एवढ्यावरून स्थिर कसा ठरतो, हा प्रश्न मला पडला आणि त्यापायी मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले.

मेंदूच्या निरनिराळ्या भागांना एकमेकांशी जोडणारे लांब चेतातंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या आवरणामुळे संदेश वेगाने पोचतो. आवरणाच्या रंगामुळे मेंदूचा हा भाग पांढरट दिसतो, म्हणून त्याला पांढरे द्रव्य म्हणतात. चेतापेशींचा मुख्य भाग ज्या थरांत असतो त्याला करडे द्रव्य म्हणतात. निरोगी माणसातही ही जोडणी बालपणी पुरी होत नाही. नियोजन, लक्ष आणि संयम ज्या भागावर अवलंबून आहेत त्या कपाळामागच्या भागाकडे जाणारे तंतू तिशीपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ पक्व होत राहतात, मग काही वर्षे स्थिर राहतात आणि त्यानंतर हळूहळू उतरणीला लागतात. सर्वांत उशिरा पक्व झालेले तंतू बहुधा सर्वांत आधी झिजू लागतात. स्किझोफ्रेनिया ज्या वयात प्रकट होतो, ती किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंतची वर्षे नेमकी ही जोडणी पुरी होण्याची वर्षे आहेत.

कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस्तोफर फ्रिथ या संशोधकांनी १९९५ मध्ये असा विचार मांडला की स्किझोफ्रेनियात दोष मेंदूच्या एखाद्या ठिकाणी शोधण्याऐवजी भागाभागांतल्या संबंधांत शोधावा. कालव्याच्या टोकावर ज्याचे शेत आहे त्याला हे लगेच पटेल : धरणात पाणी असते, शेतही तयार असते, पण मधल्या पाटाची दुरुस्ती झालेली नसली की पाणी वेळेवर पोचत नाही. पुढे एमआरआयच्या विशेष पद्धतीने, तंतूंच्या दिशेने पाण्याचे रेणू किती सरळ सरकतात हे मोजून, पांढऱ्या द्रव्याची स्थिती तपासता येऊ लागली. २०१८ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २९ ठिकाणच्या ४,३२२ लोकांच्या चाचण्या एकत्र केल्या, त्यांत १,९६३ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते. रुग्णांच्या गटात हे मोजमाप मेंदूच्या बहुतेक सर्व भागांत सरासरीने कमी आढळले आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या जाड पट्ट्यात तो फरक ठळक होता. मेंदू विश्रांतीत असताना कोणते भाग एका लयीत काम करतात हे पाहणाऱ्या अभ्यासांतही असाच मुद्दा पुढे आला : थॅलॅमस या मध्यवर्ती केंद्राचा कपाळामागच्या भागाशी असलेला संबंध रुग्णांमध्ये क्षीण आणि संवेदना व हालचालींच्या भागांशी असलेला संबंध नेहमीपेक्षा जास्त दिसतो.

यापुढचा प्रश्न आमच्यासारख्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हा फरक तरुणपणी जेवढा असतो तेवढाच आयुष्यभर राहतो, की वयाबरोबर वाढत जातो? जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा आजार माणसाला उतरणीलाच नेतो असे मानले होते. १९८७ च्या सुमारास याच्या उलट मत मांडले गेले की मूळ बिघाड मेंदूच्या वाढीच्या काळातला आहे, त्यानंतर तो वाढत जाईलच असे नाही. आजचे चित्र या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. काही मोठ्या अभ्यासांत करड्या द्रव्यातला फरक आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत झपाट्याने वाढून पुढे मंदावलेला दिसतो, तर पांढऱ्या द्रव्यातला फरक पस्तिशीनंतर ठळक होत गेलेला दिसतो. इतर अभ्यासांत रुग्ण आणि निरोगी लोक जवळजवळ समांतर उतरत जाताना दिसतात. मेंदूच्या छायाचित्रावरून त्याचे वय ताडण्याच्या पद्धतीने पाहिले तर रुग्णांचा मेंदू त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी साडेतीन वर्षांनी मोठा दिसला. साडेतीन वर्षे ही सरासरी आहे आणि प्रत्यक्षात रुग्ण व निरोगी यांच्या आकड्यांची सरमिसळ फार मोठी आहे, हे इथे विसरून चालणार नाही.

या निष्कर्षांकडे सावधपणे पाहायला हवे, आणि त्याची कारणे साधी आहेत. बहुतेक अभ्यासांत वीस वर्षांचा एक रुग्ण आणि साठ वर्षांचा दुसरा रुग्ण यांची तुलना केलेली असते. तोच माणूस वीसचा साठ होईपर्यंत पाहिलेला नसतो. साठीतल्या रुग्णाने चाळीस वर्षे औषधे घेतलेली असतात, तंबाखू खाल्लेली असते, त्याला मधुमेह झालेला असतो, माणसांत मिसळणे सुटलेले असते, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा मेंदूवर परिणाम होतो. यंत्रात डोके जरासे हलले तरी जोडणीचे मोजमाप बिघडते, आणि वयस्क व आजारी माणसे अधिक हलतात. म्हणून "या आजारात मेंदू सडत जातो" असे जे गावात आणि कधीकधी दवाखान्यातही बोलले जाते, त्याला आधार नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या रुग्णांना सरासरी ३२ वर्षांनी पुन्हा भेटून तपासले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण बरे झालेले किंवा पुष्कळ सुधारलेले आढळले. ते निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि प्रत्येक ओपीडीत नातेवाइकांना सांगितले जावेत असे ते आहेत.

हे सर्व इतक्या विस्ताराने लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या रांगेतल्या एका कुटुंबाने तूर विकून आलेल्या पैशांतून शहरातल्या एका खासगी केंद्रात "मेंदूच्या जोडणीचा" स्कॅन करून आणला होता. अहवालाला लाल, हिरव्या आणि निळ्या तंतूंचे देखणे चित्र जोडलेले होते, आणि जिथे लाल रंग आहे तिथे मेंदू खराब झाला असे त्या कुटुंबाने समजून घेतले होते. या चित्रांत प्रचलित पद्धतीनुसार लाल रंग डावीकडून उजवीकडे, हिरवा पुढून मागे आणि निळा वरून खाली जाणारे तंतू दाखवतो. रंगांचा आजाराशी काही संबंध नसतो. हजारो लोकांच्या सरासरीतून जो बारीक फरक हाती लागतो, त्यावरून एका माणसाचे निदान करता येत नाही, त्याचे औषध ठरवता येत नाही आणि त्याचे भविष्यही सांगता येत नाही. फिट येणे, डोक्याला मार लागणे, एका बाजूला अचानक कमजोरी येणे, उतारवयात पहिल्यांदाच भ्रम सुरू होणे किंवा काही महिन्यांत स्मरणशक्ती झपाट्याने ढासळणे, अशा वेळी डॉक्टर साधा एमआरआय सांगतात आणि तो करून घ्यावा. केवळ जुना स्किझोफ्रेनिया आहे म्हणून जोडणीचा रंगीत नकाशा विकत घेऊ नये. आमच्या ओपीडीतले डॉक्टर कोणालाही अशा तपासणीला पाठवत नाहीत, ही या सेवेची जमेची बाजू मी आवर्जून नोंदवते.

संशोधन आपल्या माणसाचा नकाशा देत नसले तरी एक गोष्ट ते निश्चितपणे शिकवते. ज्या मेंदूची जोडणी आधीच नाजूक आहे आणि वयामुळे आणखी उतरते आहे, त्याच्यावर टाळता येण्यासारखा कोणताही भार टाकू नये. असा सर्वांत मोठा टाळता येण्यासारखा भार आमच्या ओपीडीच्या पाकिटातच असतो, आणि तो म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिलची छोटी गोळी. हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन किंवा रिस्पेरिडोनमुळे अंग आखडते, हात थरथरतात. त्यावर उतारा म्हणून ही गोळी दिली जाते आणि सुरुवातीला तिचा खरोखर उपयोग होतो. परंतु ती अॅसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवते, आणि लक्षात ठेवण्याचे काम पुष्कळसे याच रसायनावर चालते. वय वाढते तसा त्याचा साठा कमी होतो, त्यामुळे पंचविशीत खपून गेलेली मात्रा पंचावन्नाव्या वर्षी विसरभोळेपणा, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, तोंड कोरडे पडणे आणि कधी गोंधळलेपण घडवते. घरचे लोक हे आजाराचे किंवा म्हातारपणाचे लक्षण समजतात. अंग आखडण्याचा त्रास अनेकांत काही महिन्यांनी कमी होतो, आणि मूळ औषधाची मात्रा वयानुसार उतरवली की या गोळीची गरज राहीलच असे नाही. म्हणून ती वर्षानुवर्षे आपोआप चालू ठेवणे योग्य मानले जात नाही. आमच्याकडे मात्र मागचा केस पेपर पाहून पुढचा लिहिला जातो आणि गोळी वर्षानुवर्षे तशीच पुढे जात राहते. ही गोळी कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण एकाएकी बंद केली तर मळमळ, बेचैनी आणि अंग आखडणे उसळून येते. डॉक्टरांना विचारून ती पायरीपायरीने कमी करायची असते.

या गोळीविषयी विदर्भातल्या माणसाने जाणून घ्यावी अशी आणखी एक बाब आहे. ती घाम कमी करते, आणि मनोविकाराची कित्येक औषधे शरीराची उष्णता सांभाळण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतात. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या मे महिन्यात असा रुग्ण दुपारी वावरात राहिला तर त्याला उष्माघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि वयाबरोबर तो वाढतो. एवढ्या वर्षांत या ओपीडीत उन्हाळ्यापूर्वी कोणी ही सूचना दिल्याचे मला आठवत नाही. मार्च महिन्याच्या ओपीडीत भिंतीवर एक कागद लावला आणि सिस्टरनी प्रत्येकाला एक वाक्य सांगितले तरी पुरे होईल. यासाठी पैसा लागत नाही.

शुगर, बीपी आणि वजन यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात वाद नाही, फक्त करणे बाकी आहे. ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी भरते आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. रक्तवाहिन्या बिघडल्या की पांढऱ्या द्रव्यालाही झळ पोचते. शुगर-बीपीची तपासणी याच इमारतीत, काही पावलांवरच्या दुसऱ्या खोलीत रोज होते, परंतु मानसिक ओपीडीचा रुग्ण तिकडे आपण होऊन पाठवला जात नाही, नातेवाइकाने मागणी करावी लागते. खर्रा (तंबाखू-सुपारीचे चघळायचे मिश्रण) आणि बिडी यांबद्दलही कोणी विचारत नाही. बिडीच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन व क्लोझापिन लवकर बाहेर टाकते, त्यामुळे बिडी एकदम सोडली तर रक्तातली मात्रा वाढून सुस्ती येऊ शकते. खर्ऱ्यात धूर नसल्याने तसे होत नाही, तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. बिडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

रुग्णाबरोबर त्याला सांभाळणारे हातही म्हातारे होतात, याची नोंद ही सेवा घेत नाही. आमच्या घरी गोळ्यांचा ताबा आईकडे होता. तिची नजर अधू झाल्यावर सकाळची आणि रात्रीची पाकिटे एकमेकांत मिसळली गेली आणि ते आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. रांगेतल्या कितीतरी रुग्णांबरोबर सत्तरीतल्या माउल्या बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या मनात एकच काळजी असते की आपल्यामागे याचे कसे होईल. या प्रश्नावर उपाय नाही असे नाही. सातारा, गोवा आणि तामिळनाडू येथे झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जाऊन औषधे, दिनक्रम आणि कुटुंबाचा ताण यांवर काम केले, आणि २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्यांची लक्षणे आणि परावलंबित्व काही प्रमाणात अधिक सुधारले. आमच्या गावच्या आशाताई ओपीडीची तारीख आठवणीने कळवतात आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे, पण घरी येऊन गोळ्यांची पाकिटे तपासणे हे काम त्यांच्या यादीत नाही. ते असायला हवे आणि त्याचा स्वतंत्र मोबदला त्यांना मिळायला हवा.

अलीकडे पथकात एक नवीन डॉक्टर आल्या आहेत. त्यांनी भावाचे बोलणे पूर्ण ऐकून घेतले, त्याला "गाय, विहीर, पिशवी" हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, वर्षाचे महिने मागून पुढे म्हणायला लावले आणि मग ते तीन शब्द विचारले. भाऊ फाल्गुनापासून मागे येत मार्गशीर्षावर अडखळला. शब्दांपैकी त्याला विहीर तेवढी आठवली. डॉक्टरांनी बोटांची आणि जिभेची हालचाल पाहिली, मनगट वळवून आखडलेपण तपासले, ट्रायहेक्सिफेनिडिलची मात्रा निम्मी केली, शुगर आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली आणि कानात मळ साठला आहे का हेही पाहिले, कारण ऐकू कमी आले तरी माणूस विसरभोळा भासतो. पुढच्या महिन्यांत मात्रा आणखी उतरत गेली. भाऊ पूर्वीसारखा झाला असे मी म्हणणार नाही. पोट साफ राहते, दुपारची गुंगी कमी झाली आहे आणि किराणा आणायला पाठवले की चार वस्तूंपैकी तीन तरी तो न लिहिता आणतो. हाताखालून मोठी रांग सरकत असताना या तपासणीला लागलेला वेळ फार नव्हता, म्हणून ती प्रत्येक पन्नाशीपुढच्या रुग्णाची वर्षातून एकदा तरी व्हावी ही माझी मागणी अवास्तव नाही.

गुण द्यायचेच तर औषधांची उपलब्धता आणि इंजेक्शनची व्यवस्था यांना मी पाचपैकी साडेचार देईन, वागणुकीला चार, आणि उतारवयातल्या रुग्णाच्या देखभालीला दोन; नव्या डॉक्टरांची बदली झाली नाही तर हा शेवटचा आकडा वाढेल.

नव्याने जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आधार कार्ड, जुने सर्व केस पेपर आणि उरलेल्या गोळ्या पाकिटासह सोबत न्याव्यात. कोणत्या गोळ्या उरल्या यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळते. महिनाभरात रुग्णाला जमेनासे झालेले एखादे काम वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि ते वाचून दाखवावे, कारण "विसरतो" एवढे सांगितले तर ते केस पेपरवर उतरत नाही, आणि मोटार चालू करून पाणी वळवायचे विसरतो असे सांगितले तर उतरते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्यानुसार मानसिक आजारासाठीही मिळते, मात्र त्यासाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते; समाजसेवकांना आधी भेटले तर कागदांची जुळवाजुळव सोपी जाते. दोन ओपीडींच्या मध्ये अडचण आली तर टेलिमानस ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि पन्नाशीपुढचा रुग्ण असेल तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिला प्रश्न आपणच विचारावा : ट्रायहेक्सिफेनिडिल अजून लागते का?